बार्न, कोठार आणि आमचा गोठा

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

परवा शिर्डीत आमच्या घरी वाद झाला. मागचा गोठा पाडायचा, असं नाना म्हणाले. गाई तर कधीच विकल्यात. "शनिवार-रविवारी भक्तांची गर्दी बघ, इथं सहा गाड्या उभ्या राहतील." आज्जी काही न बोलता आत गेली. तेवढ्यात पुतणी इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. "काका, बार्न म्हणजे गोठा की कोठार?"

आता काय सांगणार? दोन्ही!

'बार्न' एकच शब्द वाटतो, पण तो मुळात जोडशब्द आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'बेरे' म्हणजे जव, म्हणजे आपला सातू, आणि 'आर्न' म्हणजे घर. बेरे-आर्न, जवाचं घर. बोलून बोलून शब्द झिजला आणि 'बार्न' उरला. 'बार्ली'तही तोच 'बेरे' लपलाय. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर जवाची एक जुनी जात 'बेअर' याच नावानं आजही पिकवतात.

म्हणजे आधी ते धान्याचं घर होतं. एकाच छपराखाली धान्य, चारा आणि गुरं ठेवायची पद्धत पडली, विशेषतः अमेरिकेत, तसा अर्थ रुंदावला. म्हणून पुतणीचा गोंधळ.

आपलं 'कोठार' पण असंच झिजलेलं. कोष्ठ अधिक आगार, कोष्ठागार. आगार म्हणजे घर. (एसटीचं आगार आठवा!) आणि 'गोठा'? संस्कृतातला 'गोष्ठ'. गो म्हणजे गाय, 'स्थ' म्हणजे उभं राहणं. जिथं गाई उभ्या राहतात ती जागा. मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं. याच गोष्ठापासून 'गोष्ठी' झाली, म्हणजे जमलेली मंडळी, मग त्यांचं बोलणं, आणि त्यातूनच आपली 'गोष्ट'. गोठा आणि गोष्ट चक्क एका घरचे!

मी हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबरच आहे की. आधी गाई उभ्या राहायच्या, आता गाड्या राहतील." हसू आलं, रागही आला.

पाडकाम सोमवारी आहे. आज्जीनं दावणीचा एक खुंटा उपटून घरात आणून ठेवलाय, कशाला ते सांगत नाही. रविवारी गोठ्यातच बसून तिला बोलतं करणार आहे. फोन चार्ज करून ठेवलाय.