विश्लेषण : लॅपटॉप जागा झाला, पण आतले लिनक्स का गोठले?

आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही शहापूर तालुक्यातील रेल्वे स्थानके. येथून लोकलने आणि मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून पुढे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सॅकमध्ये आता लॅपटॉप असतो. संगणकशास्त्राच्या अभ्यासासाठी त्यात विंडोजच्या आत लिनक्सचे ‘व्हर्च्युअल मशीन’ चालवले जाते. घरी झाकण मिटले, महाविद्यालयात उघडले की विंडोज लगेच सुरू होते. आतले लिनक्स मात्र कधी कधी जागचे हलत नाही. ते बळजबरीने बंद केले, तर जतन न केलेले काम जाते. पण मशीन खरोखर बिघडलेले असते, की फक्त त्याचे घड्याळ चुकलेले असते?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. बाहेरच्याला ‘होस्ट’ आणि आतल्याला ‘गेस्ट’ म्हणतात. गेस्टचे घड्याळही होस्टकडून मिळालेले असते. झाकण मिटताना होस्ट रीतसर झोपतो आणि जागा झाल्यावर मदरबोर्डवरील सेलवर चालणारे घड्याळ पाहून वेळ दुरुस्त करतो. गेस्टला अनेकदा याचा पत्ताच नसतो. तो आहे त्या क्षणी थांबतो आणि मधला तास गेलाच नाही असे समजून पुढे चालू लागतो.

मग तो गोठतो कशामुळे?

संगणक दोन प्रकारे वेळ मोजतो. एक भिंतीवरच्या घड्याळासारखी : आज किती तारीख, किती वाजले. दुसरी स्टॉपवॉचसारखी, जी फक्त पुढे जाते. ‘१० सेकंदांनी मला उठव’ असे प्रोग्रॅम सांगतो, तेव्हा बहुधा ही दुसरी मोजणी वापरली जाते.

समजा, गेस्ट सुरू होऊन ९ तास झाले आहेत. प्रोग्रॅमला उठवायची वेळ ठरली ९ तास १० सेकंद. तेवढ्यात झाकण मिटले. जागे होताना प्रोसेसरची मोजणी शून्यापासून सुरू झाली आणि होस्टने ती गेस्टसाठी जुळवून दिली नाही, तर तो प्रोग्रॅम १० सेकंदांऐवजी ९ तास वाट पाहत बसेल. पडद्यासमोरच्या माणसाला मशीन ‘हँग’ झालेले दिसते.

याच्या उलटही घडते. मोजणी एकदम पुढे उडाली, की प्रोसेसर २० सेकंदांहून अधिक काळ अडकला आहे, असा इशारा लिनक्स देते. प्रत्यक्षात प्रोसेसर अडकलेला नसतो, थांबवलेला होता.

घड्याळ नुसते मागे राहिले तर?

मशीन चालते, पण विचित्र वागते. विंडोज आणि लिनक्स यांच्यातील सामायिक फोल्डरमधील फाइल ‘भविष्यातली’ ठरते. दर ३० सेकंदांनी बदलणारे लॉगिनचे कोड जुळत नाहीत. नोंदवहीतील, म्हणजे ‘लॉग’मधील, वेळा खोट्या होतात.

दोष कसा शोधावा?

आधी होस्टचा टास्क मॅनेजर पाहावा. गेस्ट प्रोसेसर जवळपास वापरतच नसेल, तर तो कशाची तरी वाट पाहत असण्याची शक्यता अधिक. प्रोसेसर पूर्ण वापरात असेल, तर तो एखाद्या चक्रात फिरतो आहे. नंतर कर्नलचा लॉग वाचावा : झोपण्यापूर्वीची शेवटची ओळ कोणती, जागे झाल्यावरची पहिली कोणती, ‘क्लॉकसोर्स’ अस्थिर असल्याची तक्रार आहे का? क्लॉकसोर्स बदलून तोच प्रयोग पुन्हा करावा. गोठणे थांबले, तर दोष सापडला.

असे मोठ्या प्रमाणावर कधी घडले?

३० जून २०१२च्या अखेरीस जागतिक वेळेत एक ‘लीप सेकंद’ वाढवण्यात आला. भारतात तेव्हा १ जुलैची पहाट होती. लिनक्सच्या टायमरमधील दोषामुळे जगभरातील अनेक सर्व्हरचे प्रोसेसर विनाकारण पूर्ण वेगाने फिरू लागले. रेडिट संकेतस्थळ कोलमडले, ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या विमान प्रवाशांचे चेक-इन रखडले. अनेक ठिकाणी मशीन पुन्हा सुरू करावे लागले नाही. आहे तीच वेळ पुन्हा एकदा लावताच ते शांत झाले.

काय काळजी घ्यावी?

झाकण मिटण्यापूर्वी काम जतन करावे आणि गेस्टची स्थिती ‘सेव्ह’ करावी किंवा तो रीतसर बंद करावा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘गेस्ट अॅडिशन्स’ बसवावेत. वेळेत २० मिनिटांहून अधिक फरक पडला, तर ते घड्याळ थेट दुरुस्त करतात. हळूहळू दुरुस्ती येथे कामाची नाही : सेकंदाला अर्धा मिलिसेकंद या जुन्या गतीने एका तासाचा फरक भरायला सुमारे ८३ दिवस लागतील. मात्र गोठलेल्या गेस्टला ही दुरुस्तीही करता येत नाही. तेव्हा आधी वरील तपासणी करावी आणि बळजबरीने बंद करणे हा शेवटचा उपाय ठेवावा.

कार्यालयांसाठी हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली संगणकीय घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. सायबर हल्ल्याचा तपास लॉगमधील वेळांवरच चालतो.