दोन व्हीसीपीयू म्हणजे नक्की किती?

मागच्या वेळी आपण क्लाउडवरचा सर्व्हर म्हणजे काय ते पाहिलं. आज त्यापुढचा, जरा किचकट प्रश्न घेऊ: दोन सर्व्हरांची तुलना करायची कशी?

आम्ही पहिल्यांदा केली ती अशी. एक्सेलमध्ये तक्ता मांडला. रकाने चार: व्हीसीपीयू, मेमरी, डिस्क आणि महिन्याचं भाडं. भाड्यावर सॉर्ट केलं आणि सगळ्यात वर आलेला सर्व्हर घेतला, प्रवेशअर्जांच्या संकेतस्थळासाठी. सकाळी छान चाललं. दुपारी एकेक पान उघडायला मिनिटभर लागायला लागलं, आणि अर्जाची ती शेवटची तारीख होती! पुरवठादाराने काहीच लपवलं नव्हतं. चूक आमच्या तक्त्याची होती. वेगवेगळ्या वस्तू आम्ही एकाच नावाखाली बसवल्या होत्या.

हे नीट कळण्यासाठी ॲमेझॉनचे तीन सर्व्हर घेऊ, कारण त्यांचे तपशील उघड आहेत. टी३.लार्ज, एम५.लार्ज, एम६जी.लार्ज. तिघांपुढेही २ व्हीसीपीयू आणि ८ जीआयबी मेमरी. तक्त्यात तिन्ही सारखे. आता आत बघा. एम५मध्ये इंटेलचा प्रोसेसर आहे. तिथे एक व्हीसीपीयू म्हणजे अख्खा कोअर नव्हे, तर कोअरवरचा एक थ्रेड. म्हणजे २ व्हीसीपीयू मिळून कोअर एकच. एम६जीमध्ये ॲमेझॉनचा स्वतःचा ग्रॅव्हिटॉन-२ आहे. त्याच्या कोअरचे असे थ्रेड पाडलेले नाहीत, त्यामुळे २ म्हणजे खरोखर २ कोअर. (मग तो दुप्पट वेगवान का? तसं नाही, कोअर-कोअरमध्येही फरक असतो. शिवाय तो आर्म जातीचा, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी तपासायला हवं.)

टी३ची तऱ्हा आणखी निराळी. तिथे प्रत्येक व्हीसीपीयूवर आपला कायमचा हक्क ३० टक्केच. कमी वापरलं की क्रेडिट साठतं, जास्त वापरलं की खर्ची पडतं. ते संपलं की एक तर वेग ३० टक्क्यांवर उतरतो, नाहीतर ‘अनलिमिटेड’ पद्धत चालू असेल तर जादा बिल येतं. आमचा पुरवठादार दुसरा होता, पण दुपारचं दुखणं हेच.

म्हणून आता ‘व्हीसीपीयू’च्या शेजारी आम्ही आणखी तीन रकाने ठेवतो: प्रत्यक्ष कोअर, प्रोसेसरची पिढी आणि सतत मिळणारा टक्का. नेटवर्कचंही तेच. एम५.लार्जपुढे ‘१० गिगाबिटपर्यंत’ असं लिहिलेलं असतं; त्यातला ‘पर्यंत’ फार महत्त्वाचा, कारण सतत मिळतात ०.७५ गिगाबिट. डिस्क यंत्रातलीच आहे की नेटवर्कवरून जोडलेली, हेही लिहावं. यंत्रातली डिस्क वेगवान खरी, पण ॲमेझॉनवर सर्व्हर थांबवला की त्यावरचा डेटा जातो.

आणि माहिती मिळाली नाही तर रकाना अंदाजाने भरू नका. आम्ही तिथे ‘विचारायचं’ असं लिहितो. पुरवठादाराला ई-मेल करायला बसलो की तेवढेच रकाने गाळून काढायचे, प्रश्नांची यादी तयार असते.