फार्मसीची कंपनी करताना : मालकी कोणाची, नियंत्रण कोणाचे?

आपल्या अनेक फार्मसी एखाद्या वैद्याच्या नावे अथवा बंधू-पुत्रांच्या भागीदारीत उभ्या राहिल्या. १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार फर्मच्या कर्जास प्रत्येक भागीदार आपल्या घरादारासह बांधील असतो. हे दायित्व मर्यादित व्हावे म्हणून कंपनी स्थापण्याचा विचार पुढे येतो. परंतु कंपनी होताच मालकीचे स्वरूपही पालटते, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होय. जागा, यंत्रसामग्री, ट्रेडमार्क यांपैकी जे तिच्या नावे होईल ते तिचे, भागधारकाचे नव्हे. बाचा गझदर खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले. भागधारकास जाहीर झालेला लाभांश, कंपनी विसर्जित झाल्यास उरलेल्या मालमत्तेतील वाटा आणि मताचा अधिकार मिळतो.

या मताधिकाराचे गणित नीट समजून घ्यावे. संचालकांची नेमणूक साध्या बहुमताने होते. नियमावलीत बदल करण्यासाठी मात्र विशेष ठराव लागतो. त्यात अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. म्हणजे ५१ टक्के भाग असलेला ज्येष्ठ बंधू दैनंदिन कारभार चालवू शकतो, पण २६ टक्के भागांचा धनी विशेष ठराव रोखू शकतो.

आता उपकंपनीकडे वळू. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ज्या कंपनीची निम्म्याहून अधिक मते दुसऱ्या कंपनीच्या हाती असतात, अथवा जिच्या संचालक मंडळाची रचना दुसरी कंपनी ठरवते, ती उपकंपनी. समजा, एका वैद्यांचे मूळ कंपनीत ६० टक्के भाग आहेत व मूळ कंपनीचे उपकंपनीत ६० टक्के. उपकंपनीत वैद्यांचा आर्थिक हिस्सा भरतो ३६ टक्केच. तरीही दोन्ही ठिकाणी संचालक नेमण्याची सूत्रे त्यांच्याच हाती राहतात. यावरून हिस्सा व नियंत्रण या भिन्न गोष्टी होत, हे स्पष्ट व्हावे.

उपकंपनीचे सर्व भाग मूळ कंपनीकडे असले तरी खासगी कंपनीस किमान दोन सभासद लागतात. म्हणून एखादा भाग मूळ कंपनीच्या वतीने नामधारी व्यक्तीकडे ठेवता येतो. त्याची विहित घोषणा मात्र अवश्य करावी. उपकंपनीस मूळ कंपनीचे भाग सामान्यतः घेता येत नाहीत.

ट्रेडमार्क व जागा मूळ कंपनीत आणि उत्पादन उपकंपनीत, अशी रचना केल्यास उत्पादनातील तोटा सहसा मूळ मालमत्तेपर्यंत पोहोचत नाही. मात्र कर्जासाठी संचालकाने वैयक्तिक हमी दिली, की त्या कर्जापुरती मर्यादित दायित्वाची भिंत कोसळते. हमीपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी हे स्मरावे.

उत्पादन परवाना ज्याच्या नावे, उत्पादनाचा अधिकार त्याचा. त्यामुळे फर्मचा परवाना नव्या कंपनीस आपोआप लागू होईल असे गृहीत धरू नये. अन्न व औषध प्रशासनाकडे आधीच विचारणा करावी.

आमचे व्यवसायबंधूंना सांगणे इतकेच की पाठ, ट्रेडमार्क व जागा कोणाच्या नावे राहणार, आणि एखाद्या सभासदाच्या पश्चात त्याचे भाग कोणाकडे व कोणत्या दराने जाणार, हे घरात सलोखा असतानाच नियमावलीत व करारात लिहून घ्यावे. वाद उद्भवल्यावर तोंडी शब्दाचा आधार पुरत नाही, आणि पिढ्यांनी मिळवलेला रुग्णांचा विश्वास त्यात नाहक पणास लागतो.