शौर्याचा मोबदला

गुरखा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रात्री काठी आपटीत फिरणारा पहारेकरी तरी येतो, नाही तर कुकरी उपसलेला शिपाई. लढणे त्याच्या रक्तातच आहे, असे आपण सहज म्हणून जातो. आमची हयात कामगारांत गेली. 'हे काम यांच्या रक्तातच आहे' असे मालक म्हणू लागला, की आधी पगाराचा हिशेब तपासावा, एवढे आम्ही तेथे शिकलो.

1814 ते 1816 या काळात कंपनी सरकारचे नेपाळशी युद्ध झाले. या डोंगरी शिपायांनी इंग्रजांना जेरीस आणले. तेव्हा 1815 पासूनच इंग्रजांनी त्यांच्या पलटणी उभारल्या. पण परमुलखात चाकरी करणाऱ्या शिपायाला नेपाळात 'लाहुरे' म्हणतात. रणजितसिंहाच्या फौजेत भरती होण्यासाठी हे लोक लाहोरला जात, त्यावरून तो शब्द आला. म्हणजे परंपरेच्या मुळाशी पोट होते. उतारावरच्या तुटपुंज्या शेतीत भागेना, म्हणून गुरुंग, मगर, राई, लिंबू यांची मुले पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेली.

पुढे इंग्रजांनी 'लढवय्या जातीं'चा सिद्धान्त मांडला. त्याने गुरख्याला डोक्यावर घेतले आणि त्यानेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडील महारांना फौजेचे दार बंद केले. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि तो सिद्धान्त किती पोकळ होता ते दिसले.

1947 च्या त्रिपक्षीय करारानंतर दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनच्या गुरख्यांचे निवृत्तिवेतन मात्र भारतीय दरांशी जखडले गेले. खंदक एक, शत्रू एक. पण म्हातारपणी गोऱ्या सोबत्याच्या मानाने हाती फारच थोडे. मग निवृत्त शिपाई संघटित झाले. 2007 मध्ये समान निवृत्तिवेतन मान्य झाले, पण ते 1 जुलै 1997 नंतरच्या सेवेपुरते. त्याआधी निवृत्त झालेल्यांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क 2009 मध्ये मिळाला. निवृत्तिवेतनासाठी 2021 मध्ये लंडनला उपोषण करावे लागले.

आपणही हात झटकू नयेत. 2022 मध्ये भारताने चार वर्षांची अग्निपथ भरती आणली. चौथाई जवानच पुढे कायम होणार, बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. ही अट 1947 च्या करारात बसत नाही म्हणून नेपाळने त्या वर्षी भरती थांबविली.

गुरख्याच्या शौर्याला आम्ही नमस्कारच करतो. पण नमस्काराने चूल पेटत नाही, हे ज्याची चूल आहे तो जाणतो.