डी मेजर : पांढरी दोनचा थाट

गायनांत षड्ज कोणत्या स्वरावर धरावा, याचा जो निर्णय त्यास आपण पट्टी म्हणतों. पाश्चात्य संगीतांत पट्टीविषयीं एक जुना समज आहे. तो असा कीं, प्रत्येक पट्टीस स्वतःचा स्वभाव असतो. हा समज कितपत खरा आहे, हें आम्ही येथें 'डी मेजर' या एकाच पट्टीच्या उदाहरणानें पाहूं.

बाजाच्या पेटीवर पांढरी दोन हा षड्ज धरून बिलावल थाटाचे स्वर वाजवावे, म्हणजे डी मेजर सप्तक सिद्ध होतें. त्यांत गांधार काळी तीनवर व निषाद पुढील काळी एकवर येतो. बाकीचे स्वर पांढऱ्यांवर येतात.

शूबार्ट नांवाच्या जर्मन लेखकानें पट्ट्यांचे स्वभाव वर्णिले आहेत. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८०६ सालीं, प्रसिद्ध झाला. त्यांत डी मेजर ही विजयाची व जयघोषाची पट्टी ठरविली आहे. हँडेलनें १७४१ सालीं रचलेल्या 'मशीहा'मधील हालेलुया कोरस याच पट्टींत आहे. बेथोव्हेनच्या १८२४ मधील नवव्या सिंफनीचा शेवटही हिच्यांतच होतो.

हा स्वभाव आला कोठून? आमच्या मतें त्याचें मूळ वाद्यांत आहे. हँडेलच्या काळच्या ट्रंपेटास बोटांनीं दाबावयाच्या कळा नसत. नळीच्या लांबीप्रमाणें जे स्वर निसर्गतः निघत, तेवढेच वाजत. डी स्वराचीं ट्रंपेटें तेव्हां फार प्रचारांत होतीं. म्हणून जेथें ट्रंपेटें व नगारे गाजवावयाचे, तेथें रचनाकार ही पट्टी घेई. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए व ई या स्वरांच्या. डी हा षड्ज मानिला, तर त्या अनुक्रमें मध्यम, षड्ज, पंचम व ऋषभ होतात. चारही मोकळ्या तारा अशा उपयोगी पडतात, आणि एक तार वाजत असतां न छेडलेली तारही थरारून नाद भरदार करिते. बेथोव्हेन, ब्राम्स व चायकोव्हस्की या तिघांनींही आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो डी मेजरमध्येंच लिहिला, हें यामुळें नवलाचें वाटत नाहीं.

पियानो व पेटी यांची गोष्ट निराळी. त्यांचे सूर समान अंतरांनीं लाविले म्हणजे सर्व पट्ट्यांची घडण एकच होते. केवळ उंची बदलते. ती उंचीही कायमची नव्हे. हँडेलशीं संबंधित मानिल्या जाणाऱ्या एका स्वरकांट्याचा ए स्वर सेकंदास सुमारें ४२२.५ कंपनांचा आहे. १९३९ सालीं लंडनच्या परिषदेनें तो ४४० ठरविला. म्हणजे जुना डी हा आजच्या डीहून सुमारें एक तृतीयांश स्वरानें खालीं होता. तरी त्याच्या जयघोषांत कांहीं उणें पडलें नाहीं.

यांतून गायनवर्गास एक उपयुक्त बोध मिळतो. हालेलुया कोरसमध्यें सोप्रानोंना तार षड्जापासून पायरीपायरीनें चढत तार मध्यमावर लांब सूर धरावा लागतो. सोबतीस ट्रंपेटें व व्हायोलिनें असतील, तर मूळ पट्टी अवश्य राखावी. तिचें तेज त्यांच्या योगानेंच प्रकट होतें. परंतु सोबतीस केवळ पेटी असेल व मुलांचे गळे ताणले जात असतील, तर निःसंकोच पांढरी एकवर उतरावें. ओरडून गांठलेल्या उंच सुरापेक्षां मोकळ्या गळ्यानें लाविलेला खालचा सूर ऐकणारास अधिक आनंद देतो, आणि मुलांचा गळाही सुरक्षित राहतो.