'लॅप्स' : एका क्रियापदाचे अर्थ आणि झाशीचे राज्य

उत्तर प्रदेशातील बबीना हे गाव लष्करी छावणी आणि सरावक्षेत्र म्हणून परिचित आहे. ते ज्या जिल्ह्यात येते, त्या झाशीचे नाव इतिहासाने इंग्रजीतील एका क्रियापदाशी जोडले आहे. ते क्रियापद म्हणजे 'लॅप्स'.

घसरणे, निसटणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला. हप्ता थकला की विमा पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे हक्क आपोआप संपतो. लोकसभा विसर्जित झाल्यावर तिच्यापुढील प्रलंबित विधेयकेही अशीच संपतात. राजभाषा मराठीत त्यास 'व्यपगत होणे' म्हणतात. राज्यसभेने २०१० मध्ये संमत केलेले महिला आरक्षण विधेयक २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

चिनी भाषक विद्यार्थ्यांचेही येथे एका शब्दावर भागत नाही. पॉलिसीसाठी त्यांच्याकडे 'शी-श्याओ', म्हणजे परिणाम गमावणे, हा शब्द आहे. बोलता बोलता माणूस गप्प झाला, तर मात्र 'शिएन-रू', म्हणजे आत बुडणे, असे म्हणावे लागते.

या क्रियापदाचे खरे मर्म त्याच्या अकर्मकपणात आहे. झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी मुलगा दत्तक घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक दामोदररावांचा राज्यावरील हक्क मानला नाही. राणी लक्ष्मीबाईंचे अर्जही फेटाळण्यात आले आणि १८५४ मध्ये झाशी कंपनीच्या ताब्यात गेली. त्यापूर्वी १८४८ मध्ये साताऱ्याचे असेच झाले होते. कंपनीच्या युक्तिवादानुसार ही राज्ये वारसाअभावी 'लॅप्स' झाली होती, जणू कोणी ती घेतलीच नव्हती! दत्तक वारस तर समोर होता.

मराठी इतिहासकारांनी येथे शब्दास प्रतिशब्द दिला नाही. त्यांनी या धोरणास 'दत्तक वारसा नामंजूर' म्हटले आणि राज्य 'खालसा केले' असे लिहिले. 'खालसा' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला महसुली शब्द; थेट सरकारच्या ताब्यातील जमीन, असा त्याचा अर्थ. 'खालसा करणे' सकर्मक असल्याने कोणी केले, हा प्रश्न वाक्यातच उभा राहतो.

बातम्यांच्या भाषांतरातही हा भेद पाळावा लागतो. परवाना 'लॅप्स' झाला, तर त्याची मुदत संपलेली असते. 'परवाना रद्द केला' असे लिहिल्यास तो कोणत्या अधिकाऱ्याने रद्द केला, हेही सांगावे लागते.