लिपी आणि संगणक : लेखांक ७ – दोन काफ

देवनागरीतील जोडाक्षरांची व्यवस्था गेल्या लेखांकात पाहिली. आता अरबी लिपीकडे वळताना प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की या लिपीत अक्षर शेजाऱ्याशी जोडूनच लिहिण्याचा प्रघात असल्याने, शब्दाच्या आरंभी, मध्ये, अंती किंवा अलग असे त्याचे जे स्थान असेल, त्यानुसार त्याचे रूप पालटते. ‘किताब’ हा आपल्याही परिचयाचा शब्द घ्या. ऱ्हस्व स्वर सामान्य अरबी लेखनात गाळले जात असल्यामुळे काफ, ते, अलिफ आणि बे एवढी चारच अक्षरे त्यात उरतात. पैकी काफ आरंभरूपात, ते मध्यरूपात, अलिफ अंत्यरूपात, आणि अलिफ आपल्या डावीकडील अक्षराला कधीच जोडून घेत नसल्याने शेवटचे बे अलग, अशी चारही रूपे या एकाच शब्दात पाहावयास मिळतात.

मग संगणकाच्या दप्तरी एका अक्षराची नोंद एकदा व्हावी की चारदा? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संगणकीय संकेतप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीने जो मार्ग पत्करला तो असा की अक्षराला त्याच्या मूळ ओळखीवरून एकच क्रमांक मुक्रर करावा आणि रूप ठरविण्याचे काम फॉन्टकडे व तो दाखविणाऱ्या यंत्रणेकडे सोपवावे. त्यामुळे बे कोठेही आले तरी त्याचा क्रमांक १५७६ हाच राहतो. बेच्या चार रूपांना ६५१६७ ते ६५१७० असे निराळे क्रमांकही आहेत खरे, परंतु ते जुन्या प्रणालींतील मजकूर सुरक्षित राहावा एवढ्याचसाठी ठेवलेले असून नव्या लेखनात त्यांचा उपयोग करू नये असाच दंडक आहे. मला हा निर्णय अत्यंत योग्य वाटतो, कारण वाचणारा रूप पाहत असला तरी शोधणारा अक्षर शोधत असतो.

अडचण येते ती एकाच अक्षराच्या दोन परंपरांमुळे. अरबी काफ अलग लिहिताना त्याच्या पोटात एक छोटी खूण काढतात. फारसी व उर्दू काफाला ती नसते, वर तिरपी रेघ मात्र असते. हा भेद राखण्यासाठी युनिकोडने पहिल्याला १६०३ आणि दुसऱ्याला १७०५ असे स्वतंत्र क्रमांक दिले. परंतु आरंभरूपात दोन्ही काफ बहुधा सारखेच दिसत असल्यामुळे, १६०३ ने आरंभ होणारा ‘किताब’ आणि १७०५ ने आरंभ होणारा ‘किताब’ डोळ्यांना एक आणि यंत्राला दोन ठरतात, आणि एक शोधू जाता दुसरा हाती लागत नाही. ‘ये’ या अक्षराची गत याहून बिकट झाली. विंडोजच्या जुन्या अरबी संकेतप्रणालीत फारसी येला जागाच नव्हती, म्हणून इराणातील लेखकांना अरबी येवरच भागवावे लागले. पुढे युनिकोडमध्ये फारसी येला १७४० हा क्रमांक लाभला तरी १६१० क्रमांकाच्या अरबी येने लिहिलेला जुना मजकूर होता तसाच राहिला.

मराठीलाही हे संकट परके नाही. ‘दऱ्या’ या शब्दातील आडवा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: २३५३ क्रमांकाच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे अदृश्य संयोगचिन्ह जोडून. दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. युनिकोडच्या अधिकृत प्रमाणीकरणानेही ते एकरूप होत नाहीत, जसे दोन काफही होत नाहीत. म्हणून जे कोणी आपले कोश, जुने दस्तऐवज अथवा नियतकालिकांचे संच संगणकावर आणीत असतील त्यांना आग्रहाची विनंती आहे की, कामाच्या आरंभीच यांपैकी एक रीत निश्चित करावी, ती लेखी नमूद करून ठेवावी, आणि शोधयंत्रणेने मात्र दोन्ही रीतींचे शब्द एकच मानावेत अशी तजवीज करावी.